सोसायटीत कोणाला काय येतं, कोणाकडे काय आहे याचा नकाशा कोणी केलाय का? (समा, बडोदा)

समाकर_आई

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितेय, पण वाचा, आणि ज्यांनी असं काही केलंय त्यांनी नक्की सांगा.

आम्ही समा भागात राहतो. साठेक घरांची जुनी रो-हाउस सोसायटी, अर्ध्याहून जास्त घरांत आता आजी-आजोबाच उरलेत, मुलं पुण्याला नाहीतर कॅनडाला. मराठी घरं बरीच, गुजराती त्याहून जास्त, दोन-तीन सिंधी, एक मल्याळी कुटुंब. मागच्या भिंतीला लागून वस्ती आहे, आमच्याकडे कामाला येणाऱ्या बहुतेक बायका तिथल्याच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी काळ्या घोड्याच्या पुलापाशी ३५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी २६) तेव्हा आमच्या खालच्या दोन गल्ल्यांत तळमजले पाण्यात होते आणि वस्तीचं तर विचारूच नका.

त्या वेळची एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मागच्या गल्लीत एक आजोबा ऑक्सिजनच्या मशीनवर, लाइट गेलेली, घरच्यांची नुसती धावपळ, आणि त्यांच्यापासून चार घरं सोडून एका घरात वरच्या मजल्यावर मोठा इन्व्हर्टर मस्त चालू. ह्यांना ते माहीत नाही, त्यांना हे माहीत नाही. शेवटी दूध टाकणाऱ्या मुलाने सांगितलं, कारण तो दोन्ही घरी जातो, त्याने एकदा जिन्यात बॅटऱ्या चढवताना पाहिल्या होत्या. मग गच्चीवरून गच्चीवर एक्स्टेन्शनची वायर टाकून मशीन चालू केलं. वीस वर्षं शेजारी राहतोय आम्ही सगळे!

आता सोसायटीची मीटिंग झाली, विषय सुरक्षितता. सगळा वेळ काय नाही ह्याचीच यादी. वॉचमन झोपतो, लाइटचे खांब कमी, मागची भिंत बुटकी, वस्तीतली पोरं, पावसाळी गटार. आणि निघालं काय तर कॅमेरे लावायचे आणि घरटी वर्गणी. कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही, लावा, पण त्या दिवशी कॅमेऱ्याने आम्हाला इन्व्हर्टर दाखवला नसता. माझी मावसबहीण समाजकार्य करते, ती म्हणाली की आधी आपल्या भागात काय आहे, कोणाला काय येतं ह्याचा नकाशा करतात, मग पुढचं ठरवतात. मला ते एकदम पटलं. पण सुरुवात कशी करू? फॉर्म वाटू का? लोक सांगतील का? वस्तीतल्या लोकांना बोलवायचं म्हटलं तर कमिटीतले दोघं आत्ताच नाक मुरडतायत. आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी केली आणि ती भलत्याच्या हातात गेली तर? त्याची मला खरंच भीती वाटते.

---

फॅकल्टीतली_मावशी

समाकर ताई, फार चांगला विषय काढलात. मी बरीच वर्षं समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना घेऊन बडोद्यातल्या वस्त्यांमध्ये फिरलेय म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुमची बहीण म्हणाली ती पद्धत जगभर वापरतात. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले जॉन मॅकनाइट आणि जॉन क्रेट्झमन ह्या दोघांनी १९९३ मध्ये ती नीट मांडली. शिकागोच्या ज्या वस्त्यांना सगळे फक्त गरीब, गुन्हेगारीवाल्या म्हणून ओळखत होते तिथे जाऊन त्यांनी उलटं विचारलं, की इथे चालू काय आहे, कोणाला काय येतं, लोक कुठे जमतात. कारण नुसती कमतरतांची यादी केली की लोक स्वतःकडेही तसंच बघायला लागतात, आणि मग बाहेरून कोणीतरी येऊन सोडवेल ह्याची वाट बघत बसतात. तुमच्या मीटिंगमध्ये तेच झालं, दीड-दोन तास कमतरता मोजल्यावर माणूस विकत घेण्याजोगं काहीतरी शोधतोच.

आता फॉर्मबद्दल. कृपा करून फॉर्म वाटू नका. फॉर्म आला की लोकांना वाटतं वर्गणी नाहीतर मतदारयादी. घरी जा, ओट्यावर बसा, चहा घ्या, गप्पा मारा. बोलता बोलता तीन गोष्टी काढून घ्यायच्या: हातांनी काय येतं (शिवण, प्लंबिंग, पन्नास माणसांचा स्वयंपाक, पोहणं, टेम्पो चालवणं), डोक्यात काय माहिती आहे (औषधं, सरकारी कागद, जुन्या नळांच्या लाइनी, भाषा), आणि मनापासून कशासाठी उठाल. तिसरं लोक विसरतात पण तेच सगळ्यात महत्त्वाचं, कारण ज्याला कुत्र्यामांजरांची माया आहे तो पुरात त्यांच्यासाठी छातीभर पाण्यात उतरेल, त्याला रेशन मोजायला बसवून उपयोग नाही.

आणि ज्यांना आपण मदतीच्या रांगेत बसवतो त्यांनाच पहिलं विचारा, तुम्ही काय द्याल म्हणून. आमच्या ओळखीच्या एका बाई आहेत, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त, गुडघे गेलेत, वॉकरशिवाय हलत नाहीत. सगळे त्यांना "उचलून न्यायच्या माणसांत" धरायचे. पण अर्ध्या गल्लीतल्या मुलांचे आईबाप त्यांचे विद्यार्थी! पुराच्या रात्री त्या पहिल्या मजल्यावर लँडलाइनपाशी बसल्या आणि कोणाचा मुलगा कुठे, कोण पोचलं, कोण नाही, सगळं एका वहीत लिहीत गेल्या. कंट्रोल रूमच होती ती.

माणसांबरोबर बाकीचंही टिपा. भजनी मंडळ, भिशी, सकाळचा योगाचा ग्रुप, क्रिकेट खेळणारी पोरं, कारण ती आधीच एकमेकांना ओळखतात आणि एका फोनवर जमतात. मग शाळा, दवाखाना, मंदिर, मशीद, मेडिकलचं दुकान. मग जागा, म्हणजे उंचावरची गच्ची, कोरडा राहणारा कोपरा, विहीर, हापसा.

नकाशा कागदावर काढायच्या आधी पार्किंगमध्ये जमिनीवर काढा, खडूने नाहीतर रांगोळीने. रॉबर्ट चेंबर्स आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या आपल्याकडच्या लोकांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात खेड्यांमध्ये ही रीत पुष्कळ वापरली. जमिनीवर काढलं की ज्याला लिहिता येत नाही तोही वाकून म्हणतो, अहो हे घर इथे नाही, तिथे. टेबलावर कागद ठेवला की पेन ज्याच्या हातात त्याचाच नकाशा होतो.

वस्तीला बोलवायचं का, ह्यावर एक उदाहरण देते, कमिटीत सांगून बघा. १९९५ च्या जुलैत शिकागोत भयंकर उष्णतेची लाट आली, ७०० च्या वर माणसं गेली, बरीचशी म्हातारी आणि एकटी राहणारी. एरिक क्लिननबर्ग नावाच्या समाजशास्त्रज्ञाने शेजारी-शेजारी असलेल्या दोन वस्त्या तपासल्या, नॉर्थ लॉनडेल आणि लिटल व्हिलेज. दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकट्या म्हाताऱ्यांचं प्रमाण साधारण सारखं, ऊन तर तेच. पण मृत्यूचं प्रमाण पहिलीत दुसरीच्या जवळजवळ दहापट. दुसरीत दुकानं उघडी, फुटपाथवर वर्दळ, म्हातारी माणसं भाजी आणायला बाहेर पडायची, गार दुकानात टेकायची, आणि एक दिवस दिसली नाहीत तर कोणीतरी दार वाजवायचं. पहिलीत दुकानं बंद पडलेली, रस्ते ओस, लोक भीतीने कडी लावून आत. तुमच्या सोसायटीत कोण आज दिसलं नाही हे आधी कोणाला कळतं? कामवाल्या ताईला, दूधवाल्याला, भाजीच्या लारीवाल्याला. त्यांना नकाशातून वगळलं तर मग नकाशात राहिलं काय!

---

रोखठोक_फतेगंज

हे सगळं वाचायला छान आहे पण मला एक कळत नाही. टॅक्स आपण भरायचा, बोट आपण आणायची, म्हातारे आपण उचलायचे, मग ज्यांचं हे काम आहे त्यांनी काय करायचं? नदीचं पात्र, पावसाळी गटारं, आजवा सरोवरातून पाणी सोडताना वेळेवर सूचना, ही कामं रांगोळी काढून होत नाहीत. २०१९ ला ३१ जुलैला एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस पडला, त्याच्यापुढे भिशी मंडळ काय करणार? शेजाऱ्यांचं कौतुक करता करता आपण मागणी करायचंच सोडून देऊ अशी मला मनापासून भीती वाटते. ताई तुमच्या हेतूबद्दल शंका नाही, पण हे बोलणं गरजेचं वाटलं.

---

फॅकल्टीतली_मावशी

रोखठोक, तुमचा मुद्दा अगदी खरा आहे आणि ह्या पद्धतीवर अभ्यासकांनीही हाच आक्षेप घेतलाय. म्हणून नकाशा झाला की बसून तीन भाग करायचे असतात. आपण आपल्या बळावर काय करू शकतो, बाहेरची थोडी मदत मिळाली तर काय, आणि काय फक्त सरकारनेच करायचं. गटार आणि नदी तिसऱ्या भागात, आणि तिथे गप्प बसायचं नाही. माझा अनुभव असा की ज्या वस्तीने पहिले दोन भाग केलेत तिची तिसरी मागणी जास्त वजनदार असते. "आमच्याकडे पाणी भरतं" असं पत्र आणि "ह्या ह्या खांबावर २०१९ ला इथपर्यंत, २०२४ ला इथपर्यंत, हे फोटो, पाणी आधी ह्या ढाप्यातून वर येतं" असं पत्र, दोन्हींत फरक आहे. दुसऱ्याला उत्तर द्यावंच लागतं.

आणि पहिल्या काही तासांत शेजारीच असतो हो, दुसरं कोणी पोचूच शकत नाही. जपानमध्ये कोबेला १७ जानेवारी १९९५ ला भूकंप झाला तेव्हा ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं होतं. कारण कोण कुठल्या खोलीत झोपतं हे त्यांनाच माहीत. आपल्याला तर इथे जवळ जरोदला एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) ६ वी बटालियन आहे, ही केवढी मोठी गोष्ट. पण बोट गल्लीच्या तोंडाशी आली की आधी कुठल्या दारी न्यायची हे सांगणारं माणूस गल्लीतलंच लागतं.

---

वायरमन_काका

मी लाइनवर काम करून निवृत्त झालोय, माझं नाकासमोरचं सांगतो.

ताई तुम्ही गच्चीवरून वायर टाकून मशीन चालू केलं, जीव वाचवला, चांगलं केलं, पण नकाशात लाइटचं पान वेगळं करा आणि ते कोणीतरी जाणकाराकडून करून घ्या. कोणाचा मीटर किती उंचीवर आहे, मेन स्विच कुठे, डीपी कुठली, पंपाच्या खोलीची किल्ली कोणाकडे आणि दुसरी किल्ली कोणाकडे, ही माहिती गल्लीतल्या निदान तीन-चार जणांना तोंडपाठ पाहिजे. पाणी दारात आलं की मेन बंद करायचा हे सगळ्यांना माहीत असतं. पण मेन बंद केला तरी इन्व्हर्टर चालूच राहतो आणि भिंतीतल्या वायरींत करंट येतच राहतो, हे शंभरातल्या नव्वदांच्या डोक्यात नसतं. इन्व्हर्टर वेगळा बंद करायचा, आणि खालच्या मजल्यावर ठेवलेला असेल तर पाऊस लागायच्या आधी वर चढवायचा.

दुसरं जनरेटर. कोणाकडे असेल तर नकाशात जरूर घ्या पण त्याच्यापुढे दोन गोष्टी लाल पेनाने लिहा. बंद खोलीत, जिन्याखाली, पार्किंगमध्ये शटर लावून चालवायचा नाही, त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो. आणि जनरेटरची पिन भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसून अख्खं घर पेटवायचं नाही, तो करंट उलटा लाइनवर चढतो आणि खांबावर जो माझा भाऊबंद दुरुस्तीला चढलेला असतो त्याला लागतो. हे मी हात जोडून सांगतो.

माणसांमध्ये कोणाला शोधायचं ते पण सांगतो. सोसायटीत डॉक्टर-इंजिनियर सगळे मोजतात, पण पुराच्या दिवशी ज्याला जमिनीखालच्या टाकीतला पंप खोलता येतो, ज्याच्याकडे लांब दोर आहे, ज्याच्याकडे ट्रॅक्टरची ट्यूब आहे, ज्याला बंद पडलेलं लॉक कापता येतं तो लागतो. आमच्याकडे मांजलपूरला एक वेल्डर आहे, एरवी त्याच्या ठोकाठोकीवर सगळे भांडतात. पाणी भरलं तेव्हा त्याने ग्रिल कापून एका म्हातारीला खिडकीतून काढलं, दार आतून फुगून अडकलं होतं. तेव्हापासून त्याचा नंबर घराघरांत भिंतीवर आहे.

---

वाडीतला

आम्ही जुन्या गावातले, वाडीत राहतो. पोळीत (पोळ म्हणजे जुन्या शहरातली दाटीची गल्ली) जन्म गेला त्यामुळे मला आधी वाटलं ह्यात नकाशा कसला काढायचा, आमच्याकडे कोणाच्या घरी आज भाजी काय केली हे पण सगळ्यांना माहीत असतं. पण मग विचार केला तर आमच्याकडेही आता अर्धी घरं भाड्याने, खाली दुकानाचं गोडाऊन, वरती बाहेरगावची शिकणारी पोरं, त्यांची नावं आम्हाला माहीत नाहीत. तर ते एक.

पण मला मुख्य सांगायचंय ते गणपती मंडळाबद्दल, मावशींच्या यादीत ते आलं नाही म्हणून. बडोद्यात प्रत्येक मंडळाकडे काय असतं बघा. बांबू, दोर, ताडपत्री, जनरेटर, हॅलोजन, भोंगा, शंभर माणसांचं जेवण होईल अशी पातेली, गॅसच्या मोठ्या शेगड्या, सामान ठेवायची खोली आणि रात्रभर जागणारी वीस-पंचवीस पोरं जी एका हाकेला येतात. शिवाय हिशोब ठेवणारा एक माणूस, ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास. २०२४ ला पूर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आणि गणपती ७ सप्टेंबरला, म्हणजे मंडळांचं सामान आधीच बाहेर निघालेलं होतं. आमच्या ओळखीच्या पोरांनी मंडपाचे बांबू आणि रिकामे पिंप बांधून तराफा केला, त्याच्यावरून दूध आणि पाण्याच्या बाटल्या पोचवल्या. भोंगा बॅटरीवर लावून गच्चीवरून सांगत होते, अमक्या गल्लीत नदीतली मगर दिसलीय, पाण्यात उतरू नका. विश्वामित्रीच्या मगरींचं बाहेरच्यांना नवल वाटतं, आपल्याकडे ते पुराच्या तयारीतच धरावं लागतं, तेव्हा वन खात्याचा आणि मगर पकडणाऱ्या स्वयंसेवकांचा नंबर पहिल्या पानावर घ्या.

तसंच आखाडे, व्यायामशाळा. आपल्याकडे गायकवाडांच्या काळापासूनची परंपरा आहे, जुम्मादादा व्यायाम मंदिर सगळ्यांना माहीत आहे. अशा ठिकाणी माणूस उचलायचा कसा, खांद्यावर घ्यायचा कसा हे शिकलेली पोरं असतात. ती कुठे राहतात तेवढं टिपून ठेवा.

आणि तुमच्या कॅमेऱ्यांबद्दल. आमच्या पोळीत रात्री दोन वाजता अनोळखी माणूस शिरला तर कोणीतरी ओट्यावरून विचारतंच, "कोणाकडे जायचंय भाऊ?" नीट विचारतात, दम देत नाहीत. खरोखर ज्याला जायचंय त्याला वाट सापडते आणि ज्याचा इरादा वाईट तो मागे फिरतो.

---

फॅकल्टीतली_मावशी

मंडळाचं सांगितलंत ते फारच बरं केलंत, माझ्या लिहिण्यात ते यायलाच हवं होतं असं सामान आहे ते. आणि ओट्यावरून विचारणाऱ्या माणसाचं मोल मोजलं गेलंय बरं का. रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोच्या ३४३ वस्त्यांमध्ये ८,७८२ लोकांना विचारलं, की मुलं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असतील तर तुमचे शेजारी काही बोलतील का, घरासमोर मारामारी झाली तर कोणी मध्ये पडेल का, शेजाऱ्यांवर विश्वास आहे का. १९९७ ला निष्कर्ष छापून आले. जिथे उत्तर "हो" जास्त तिथे हिंसा कमी, गरिबी वगैरे हिशोबात धरूनसुद्धा. कमिटीला हे वाचून दाखवा, आणि त्याचबरोबर हेही सांगा की वस्तीतल्या पोरांना दम देणं म्हणजे मध्ये पडणं नव्हे, त्यांची नावं माहीत असणं ही त्याची सुरुवात.

---

नकाशेवाला_अकोटा

ताईंनी म्हाताऱ्यांच्या यादीची भीती लिहिलीय त्यावर कोणी बोललं नाही म्हणून मी लिहितो, मी ओपनस्ट्रीटमॅपवर (कोणालाही भर घालता येते असा इंटरनेटवरचा मोफत नकाशा) हौसेने नकाशे करतो.

दोन नकाशे करा, एक सगळ्यांचा आणि एक फक्त विश्वासाचा. सगळ्यांच्या नकाशावर जागा आणि वस्तू: उंच गच्ची, शाळा, दवाखाना, हापसा, जनरेटर कुठल्या मंडळाकडे, पाणी कुठपर्यंत चढलं त्याच्या खुणा, ढापे, खड्डे. हा गेटवर लावा, झेरॉक्स वाटा, वस्तीत पण लावा. ऑनलाइन टाकायचं तर रस्ते, इमारती, दवाखाने ओपनस्ट्रीटमॅपवर टाका, ते सगळ्यांच्या कामाचं असतं, बाहेरून येणाऱ्या बचाव पथकालाही गल्ल्या दिसतात. माणसांची नावं, आजार, कोण एकटं राहतं, कोणाकडे किल्ली, ह्यातलं काहीही तिथे टाकायचं नाही.

विश्वासाचा जो आहे तो कागदावरच ठेवा, वहीत. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकायचा नाही म्हणजे नाही, एकदा टाकला की तो कुठे जाईल हे देवालाही सांगता येत नाही. दर आठ-दहा घरांमागे एक माणूस, त्याच्याकडे फक्त तेवढ्याच घरांचं पान. अख्खी वही दोघींकडे, सोसायटीच्या दोन टोकांना, दोन्ही वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत. लिहिण्याआधी त्या माणसाला विचारायचं, की हे लिहू का, कोणाला सांगितलेलं चालेल. नको म्हणाला तर नको, आग्रह करायचा नाही, पुढच्या वर्षी परत विचारायचं. बहुतेक लोक एकदा वही कुठे राहणार हे कळलं की सांगतात.

कागदावर ठेवायचं अजून एक कारण म्हणजे पुरात मोबाइल मान टाकतात, टॉवर पण बंद पडतात. १०८, ११२, जिल्ह्याच्या कंट्रोल रूमचा १०७७, महिलांसाठी १८१, हे नंबर मोठ्या अक्षरात फ्रिजवर चिकटवलेले बरे, आणि दोन शेजाऱ्यांचे नंबर पाठ असलेले त्याहून बरे.

पाण्याच्या खुणांचं काम लगेच करा, उन्हात त्या पुसट होत जातात. ऑइलपेंटने खांबावर आडवी रेघ, वर्ष लिहा, बस. उंची मोजायला पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढतात तसं गवंडी काढून देईल, मग कुठली गल्ली कुठल्या गल्लीपेक्षा किती खाली आहे ते कळतं. आणि नकाशा दर वर्षी मृग लागायच्या आधी तपासायचा. भाडेकरू बदलतात, माणसं जातात, पोरं मोठी होतात.

---

समाकर_आई

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी हे सगळं प्रिंट काढून कमिटीत वाचून दाखवलं. रविवारी पार्किंगमध्ये रांगोळीने नकाशा काढला. यायला कोणी तयार नव्हतं म्हणून मुलांना आधी बसवलं, मुलं रेघा चुकवायला लागली तसे आजोबा लोक "अरे असं नाही" म्हणत खुर्च्या ओढून आले.

काय काय निघालं सांगू! तीन नंबरचे भाई आयुष्यभर टेम्पो चालवायचे, अजून लायसन्स आहे. सिंधी काकूंकडे लग्नातली मोठी पातेली. एक मुलगा आपदा मित्रचं (आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचं सरकारी) ट्रेनिंग घेऊन आलाय आणि त्याच्या शेजाऱ्यांनाही ते माहीत नव्हतं. आमच्या झाडूवाल्या बेनला तर कुठल्या घराची मागची कडी लागत नाही तेही ठाऊक, ती हळूच मला बाजूला घेऊन सांगून गेली.

वस्तीतल्या सात-आठ बायका आल्या, नाक मुरडणारे दोघं लांब उभे होते. त्यातली एक म्हणाली, तुम्ही सगळे पुलाकडे बघत बसता नदी किती चढली म्हणून, पण पाणी आधी आमच्या मागच्या ढाप्यातून बुडबुडे काढत वर येतं, तुमच्या गल्लीत शिरायच्या तासभर आधी. दर वेळी! आम्ही मुलं उचलून निघतो तेव्हा तुम्ही चहा पीत असता. सगळे एकदम गप्प झाले. नकाशावर तिथे लाल रांगोळीचा ठिपका काढला आणि ठरलं की ढापा बुडबुडला की ती फोन करणार, आणि आमच्याकडून त्याच वेळी क्लब हाउसचा वरचा हॉल आणि तिथलं बाथरूम वस्तीतल्या बायका-मुलांसाठी उघडायचं. किल्ली तिच्याकडे पण एक राहील. त्या दोघांपैकी एकाने किल्लीला विरोध केला, तर टेम्पोवाले भाईच म्हणाले, आपल्या सगळ्यांच्या घरांच्या किल्ल्या गेली दहा वर्षं त्यांच्याकडेच असतात की. ठराव झाला.

रोखठोक दादा, ढाप्याचं पत्र पण तयार केलंय, खुणांचे फोटो जोडून, वस्तीच्या आणि आमच्या दोघांच्या सह्या आहेत.

आता एकच अडलंय. इन्सुलिन घेणारे बरेच निघाले, आणि एक काका डायलिसिसवर. लाइट गेली, फ्रिज बंद, रस्ते बंद, तर काय करायचं?

---

रोखठोक_फतेगंज

पत्राची पोच घ्या, शिक्का आणि इनवर्ड नंबर असलेली. उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात अर्ज कसा करायचा ते मी लिहून देतो. आणि आमच्या गल्लीत रांगोळी कधी काढता येईल बघतो, आमच्याकडेही दोन ढापे आहेत.

---

नर्स_मावशी_सयाजीगंज

इन्सुलिनचं मी सांगते. वापरायला काढलेली बाटली किंवा पेन फ्रिजबाहेर साधारण ४ आठवडे चालतं, खोली फार तापलेली नसली आणि ऊन लागत नसलं तर. तरी प्रत्येक प्रकाराचं थोडं वेगळं असतं, पाकिटातला कागद वाचून घ्या नाहीतर मेडिकलवाल्याला विचारून वहीत लिहून ठेवा. न उघडलेल्या बाटल्यांसाठी मातीचं मडकं घ्या, त्यात ओली वाळू नाहीतर थोडं पाणी, मध्ये छोटं मडकं किंवा डबा, बाटली पिशवीत बांधून त्यात, वरून ओलं फडकं, सावलीत आणि वाऱ्यावर. फ्रिजइतकं गार होत नाही पण निभावतं. बर्फाला थेट चिकटवून ठेवायचं नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. आणि इन्सुलिन घेणाऱ्याच्या उशाशी साखर किंवा ग्लुकोजची पुडी पाहिजेच, कारण पुरात जेवणाच्या वेळा चुकतात आणि इंजेक्शन मात्र वेळेवर घेतलं जातं, मग साखर उतरते.

डायलिसिसवाल्या काकांचं मात्र घरात काही करता येत नाही. त्यांच्या सेंटरला आत्ताच, कोरड्या दिवसांत, जाऊन विचारा की पाणी भरलं तर तुमचं सेंटर चालू राहतं का, नसेल तर नदीच्या दुसऱ्या बाजूला कुठे करून घेता येईल, आणि त्यांच्या रिपोर्टची झेरॉक्स काकांच्या पिशवीत ठेवा. पूल बंद झाले की अलीकडचे अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे राहतात. इशारा आला की त्यांना पाणी चढायची वाट न बघता सेंटरच्या बाजूच्या नातेवाइकांकडे हलवायचं. खाण्यापिण्याचं, म्हणजे पाणी किती प्यायचं, केळी-नारळपाणी टाळायचं की कसं, हे डायलिसिसची पाळी लांबली तर काय करायचं त्याच्यासकट डॉक्टरांकडून लिहून घ्या. मदत म्हणून लोक नारळपाणी आणून देतात आणि त्यातलं पोटॅशियम ह्या पेशंटला झेपत नाही. टेम्पोवाल्या भाईंच्या पानावर काकांचं नाव पहिलं लिहा.